ओला टॉवेल लपवायची वेळ मुलावर येऊ नये

प्रश्न

ताई, नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला राहतो. थोडी शेती आहे, दोन म्हशी आहेत. थोरल्याने यंदा दहावीची परीक्षा दिली, धाकटी सातवीत आहे. पंधरा दिवसांमागं शेजारच्या गावातली तीन पोरं बंधाऱ्याखाली पोहायला गेली होती. एकाचा पाय घसरला आणि तो खाली ओढला गेला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघंही गेली. तिसरा पोरगा घरी येऊन पांघरूण घेऊन झोपला, दिवेलागणीपर्यंत कुणाला काही बोलला नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. नदीला जायचं नाही म्हणून मी थोरल्याला माझ्या गळ्याची शपथ घातली. तो ‘हो’ म्हणाला. परवा गोठ्यात वैरणीच्या मागं त्याचा ओला टॉवेल सापडला. मी कुणाला काही बोलले नाही, कारण त्याच्या वडलांना कळलं तर ते मारतील. मला स्वतःला पोहता येत नाही. त्याला नदीपासून कसं तोडू? आणि धाकटीला पोहायला शिकवावं की नको?

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी त्या तिसऱ्या पोराचाच विचार करत राहिले. गावात आज त्याच्याबद्दल काय काय बोललं जात असेल, याची कल्पना आहे. पण तो निर्दयी नाही. त्याच्या डोळ्यांदेखत दोन मित्र पाण्यात गेले आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की आपण घरी न सांगता आलोय आणि आता सगळं कळणार. भीतीने त्याची वाचाच बसली. शाळांमध्ये या विषयावर बोलायला जाते तेव्हा मी मुलांना विचारते, ‘पाण्यावर काही झालं तर पहिला फोन कुणाला कराल?’ मुलं एकमेकांकडे बघतात आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दुसऱ्या मित्राला.’ आईला नाही, वडलांना नाही, पोलिसांना तर नाहीच. तो मित्र आणखी कुणाला तरी फोन करणार. असा तास-दीड तास निघून जातो. बुडणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की त्याला नदीपासून तोडू नका. ते तुमच्या हातात नाही. शपथ घातल्यावर त्याने नदी सोडली नाही, तुम्हाला सांगणं तेवढं सोडलं. गावच्या घाटावर चार बायका धुणं धूत असतात, एखादा म्हातारा बसलेला असतो, कुणीतरी जनावरं घेऊन आलेलं असतं. काही झालं तर ओरडणारं, धावणारं माणूस असतं. चोरून जाणारी पोरं नेमका हा घाट टाळतात. ती जातात बंधाऱ्याखाली, उसाच्या आडोशाला, जिथं ओळखीचं कुणी बघणार नाही तिथं. सगळ्यात वाईट जागी आणि सगळ्यात घाईत, कारण वेळेत घरी येऊन केस वाळवायचे असतात.

तर आज-उद्यातच त्याच्याशी बोला, आणि सुरुवात टॉवेलपासूनच करा. सगळ्यांसमोर नको. दोघंच असाल अशी वेळ बघा, धारा काढताना किंवा रात्री अंगणात. ‘टॉवेल मला सापडला. मी रागावलेली नाही, घाबरले आहे,’ एवढं सरळ सांगा. आणि ‘माझी शपथ सुटली’ असं तोंडाने म्हणा. तुम्हाला हे लहानसं वाटेल, पण मोडलेली शपथ सोळा वर्षांच्या पोराच्या मनावर दगडासारखी बसते. आईच्या गळ्याची शपथ आपण मोडली, हे ओझं घेऊन फिरणारा मुलगा आईशी मोकळं बोलूच शकत नाही.

मग त्याच्याकडून दोन गोष्टी मागा. जायच्या आधी सांगायचं: कुठं जातोय, बरोबर कोण आहे, किती वाजेपर्यंत परत येणार. आणि काहीही झालं, अगदी काहीही, तरी पहिला फोन ११२ ला आणि लगेच दुसरा घरी. याच्या बदल्यात घराने त्याला शब्द द्यायचा, की त्या फोनवर आणि त्या दिवशी कुणी ओरडणार नाही, कुणी हात उचलणार नाही. का गेलास, कुणी नेलं, आधीच सांगितलं होतं ना, यातलं काही नाही.

हा शब्द तुमच्या एकटीचा असून भागणार नाही, त्याच्या वडलांचाही हवा. त्यांच्याशी मुलाच्या आधी बोला. शेजारच्या गावातल्या त्या दोन पोरांच्या बातमीने तेही हबकले असणार. बाप मारतो त्यामागे पुष्कळदा अशी भीतीच असते. त्यांना एवढंच विचारा, की आपला पोरगा त्या दिवशी तिथं तिसरा असता तर घरी येऊन त्याने आपल्याला सांगितलं असतं का? उत्तर त्यांचं त्यांना मिळू द्या. घाई करू नका.

आता नदीकडे वळू. घरात दोन म्हशी आहेत म्हणता. उन्हाळ्यात त्या धुवायला नदीवर कोण नेतं? बहुतेक तोच नेत असणार. बेंदराला बैल घेऊन तीच पोरं नदीत उतरतात, गणपती विसर्जनाला पाट घेऊन छातीभर पाण्यात तीच उभी राहतात, आणि तेव्हा आपण कौतुकाने बघतो. म्हणजे नदी त्याच्या रोजच्या कामात आहे. आपण कामाला पाठवलं तर नदी चांगली आणि तो आपखुशीने गेला तर वाईट, हे त्याला पटणार नाही. त्यापेक्षा एखाद्या सकाळी तुम्हीच त्याच्याबरोबर नदीवर जा आणि त्यालाच विचारा, पाणी कुठं खोल आहे, कुठं ओढ आहे, तुम्ही पोरं कुठं उतरता. त्याला सांगू द्या. तुम्हाला पोहता येत नाही याने काही अडत नाही. काठावर बसून पाणी बघायला पोहता यावं लागत नाही.

काय बघायचं ते सांगते.

पहिला बंधारा. तुमच्या भागात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या मध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पावसाच्या तोंडावर बरगे काढतात. बरग्यांवरून पडणारं पाणी वरून बघायला छान दिसतं, उंचीही फार वाटत नाही. पण पडणारी धार पायथ्याशी तळ उकरते आणि तिथं पाणी उभं गोल फिरायला लागतं. खालचं पाणी पुढं जातं आणि वरचं पाणी उलटं फिरून भिंतीकडे येतं. पोराला हे शब्दांनी समजावत बसू नका. लांब काठावरून एक वाळकं लाकूड त्या फेसात टाकायला सांगा आणि दोघं मिळून बघा. लाकूड भिंतीकडे खेचलं जाईल, पाण्याखाली जाईल, वर येईल, परत भिंतीकडे जाईल. पुष्कळ वेळ ते तिथून सुटणारच नाही. माणसाचंही तेच होतं, आणि कितीही पोहता येत असलं तरी होतं. शिवाय त्या पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे अंग नेहमीसारखं तरंगत नाही. शेजारच्या गावात काय झालं हे मी बघितलेलं नाही, पण पाय घसरला आणि खाली ओढला गेला, एवढं तुम्ही लिहिलंत त्यावरून ते असंच काही असावं. बंधाऱ्याची वरची बाजूही सोपी समजू नये. एखाद्या गाळ्यातले बरगे काढलेले असतील तर सगळं पाणी तिकडे धावतं आणि जवळ पोहणाऱ्याला त्या फटीत ओढतं. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना पोहायचं नाही, ही एकच गोष्ट मी विनाअट ‘नाही’ म्हणून सांगेन. बाकी सगळ्यावर त्याच्याशी चर्चा करा, पण ह्यावर नाही.

आपल्याला पट्टीचं पोहता येतं, आपल्याला काय होतंय, असं त्याला वाटत असेल तर त्याला प्रवरेची गोष्ट सांगा. मे २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात सुगावला प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. त्यांना शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट आली. ती बोटच भोवऱ्यात सापडून उलटली आणि तीन जवान गेले. हे पाण्याचंच प्रशिक्षण घेतलेले, त्याच कामासाठी आलेले लोक होते.

दुसरं नदीचं वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि वेगाचं असतं, काठ तुटलेला, उभा असतो, म्हणजे पडलं तर वर चढायला काही सापडत नाही. आतल्या बाजूला वाळू साचते, तिथं उतार असतो. म्हशीसुद्धा तिकडूनच उतरतात. पण जिथं वाळू उपसली आहे तिथं हा हिशेब खोटा ठरतो. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की पुरुषभर खड्डा, आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही. म्हणून अनोळखी जागी काठी टेकत उतरायचं आणि सूर मारायचा नाही. गेल्या मे महिन्यात जिथं सूर मारला तिथं यंदा गाळ असू शकतो, खडक उघडा पडलेला असू शकतो. डोक्यावर आपटून मान मोडलेला मुलगा जगला तरी जन्मभर अंथरुणाला खिळतो.

तिसऱ्या गोष्टीबद्दल शहरातला माणूस लिहिणार नाही, पण तुमच्या काठावर ती आहेच: शेतीपंपांच्या मोटारी आणि पाण्यात लोंबणाऱ्या केबली. सोललेली, चिकटपट्टी गुंडाळलेली केबल दिसली की त्या अंगाला उतरायचं नाही, म्हशींनाही उतरू द्यायचं नाही.

आणि चौथी, जी डोळ्यांना दिसतच नाही: वरून अचानक येणारं पाणी. भोगावतीवर वर राधानगरीचं धरण आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. धरणाच्या वरच्या अंगाला दाजीपूरच्या रानात पाऊस कोसळत असतो आणि तुमच्या गावात लख्ख ऊन पडलेलं असतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून मघाशी ज्या पाण्यात आरामात उभं राहता येत होतं त्याच पाण्यात थोड्या वेळाने पाय टिकत नाहीत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात हेच झालं. प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं असलेलं एक कुटुंब, पाणी वाढल्यावर एकमेकांना घट्ट धरून उभं राहिलं होतं. एक बाई आणि चार मुलं त्यात गेली. तेव्हा पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, काठावरचा एखादा ओळखीचा दगड बुडाला, की कपडे-चपलांचा विचार न करता बाहेर. नदीत उतरायच्या आधी काठाला एक काठी रोवून ठेवायची आणि पाणी चढतंय का यावर नजर ठेवायची, ही सवय त्याला लावा. तुमची भोगावती पुढं पंचगंगेत जाते. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे त्याला पाठ असतील. पण ते वस्त्या हलवायच्या हिशेबाने ठरवलेले आहेत. पोहणाऱ्या पोराच्या दृष्टीने नदी त्याच्या कितीतरी आधी, पहिलं तांबडं पाणी आलं तेव्हाच, बंद झालेली असते. जूनमध्ये नदी बंद म्हणजे बंद.

याच ओघात शेततळ्याचं सांगून टाकते, कारण पोरं नदी सोडून तिकडे वळतात. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात पाणी संथ असतं, पण शेवाळलेल्या कागदावरून वर चढताच येत नाही. पोहता येणारी माणसंसुद्धा काठाशीच दमून बुडाली आहेत. तुमच्या किंवा भावकीच्या शेतात शेततळं असेल तर चारही बाजूंना गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवायला सांगा. ते काम एका दुपारचं आहे.

आता त्याला पोहता किती येतं, ते. गावाकडे पोरं पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकतात. चांगलं शिकतात, मला त्या शिकण्याचा आदर आहे. पण पोहता येतं म्हणजे नक्की काय येतं, हे एकदा तपासायला हवं. वडील किंवा चांगला पोहणारा चुलता-मामा बरोबर असताना, संथ पाण्यात, त्याने हे करून दाखवावं: डोक्यावरून पाणी जाईल अशा ठिकाणी उडी मारून वर यायचं, मिनिटभर जागच्या जागी तरंगायचं, मागं वळून पंचवीस मीटर पोहायचं आणि कुणाचा हात न धरता बाहेर यायचं. जमलं की हेच अंगात शर्ट-पॅन्ट घालून. भिजलेली जीन्स पायांना किती जड होते, हे त्याला तेव्हा कळेल, आणि पाण्यात चुकून पडणारा माणूस कपड्यांतच पडतो. यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते उताणं तरंगणं. दम लागला, पेटका आला, घाबरगुंडी उडाली, की हातपाय मारणं थांबवायचं, डोकं मागं टाकायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे आणि श्वास परत येईपर्यंत आभाळाकडे बघत पडायचं. प्रवाहाने ओढलं तर तसंच उताणं, पाय पुढं प्रवाहाच्या दिशेला ठेवून वाहत जायचं आणि तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं. प्रवाहाच्या उलट पोहणारा दोन मिनिटांत थकतो. आणि वेगाच्या पाण्यात मध्येच उभं राहायला जायचं नाही. पाय दगडांत अडकला की मागचं पाणी माणसाला आडवं पाडतं.

ताई, आता जे लिहिते ते दोनदा वाचा आणि त्यालाही वाचायला द्या. शेजारच्या गावात एक घसरला आणि दुसरा त्याला काढायला उतरला. बुडण्याच्या बातम्यांमध्ये हे इतक्या वेळा असतं, की ‘त्याला वाचवायला गेलेला’ हे शब्द आपण वाचून पुढं जातो. तो दुसरा मुलगा धाडसी होता, मित्रासाठी जीव टाकणारा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की बुडणारा माणूस हाताला लागेल त्याच्या खांद्यावर चढतो. तो जाणूनबुजून करत नाही, त्याचं शरीर श्वासासाठी वर चढत असतं, आणि त्या मिठीतून चांगला पोहणाराही सुटत नाही.

तुमच्या मुलाला मित्र असतील आणि तो चांगला मुलगा असेल, तर तो उडी मारेलच. ‘तू जाऊ नकोस’ म्हणून तो थांबणार नाही. त्याच्या हातात करण्यासारखं दुसरं काहीतरी असेल तरच थांबेल. ते त्याला द्या. घरात तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन असेल. झाकण घट्ट लावा आणि त्याच्या मुठीला पंधरा-वीस मीटर बळकट दोर बांधा. कासऱ्याचा दोर चालेल. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा, म्हणजे फेकताना वाऱ्याने भरकटत नाही. बुडणाऱ्या माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला चार-पाच किलो उचलणारी वस्तू पुरते, आणि हा कॅन तेवढं उचलतो. आता हा फेकायचा सराव अंगणात करा. एक बादली लांब ठेवा, दोराचं टोक डाव्या पायाखाली दाबा आणि कॅन बादलीच्या पलीकडे पडेल असा फेका, मग दोर ओढत तो बादलीपर्यंत आणा. धाकटीलाही करायला लावा, तुम्हीही करा. पहिल्यांदा वेडावाकडा जाईल, अर्ध्या तासात हात बसेल. ज्या दिवशी पोरं नदीला जातील त्या दिवशी हा कॅन बरोबर जायला हवा, आणि एक जण कोरड्या कपड्यांत, फोन घेऊन काठावर बसायला हवा. पाळीपाळीने बसा म्हणावं. पैज लावून नदी पार करायची टूम निघते तेव्हा ‘मला भीती वाटते’ असं सोळा वर्षांचा मुलगा चारचौघांत म्हणू शकत नाही, पण ‘आज काठावर माझी पाळी’ असं म्हणू शकतो.

कॅन नसेल तर बांबू, झाडाची फांदी, गाडीची ट्यूब, दोन टॉवेलांना मारलेली गाठ, काहीही चालेल. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरांबलूर जिल्ह्यात एका धरणाच्या पाण्यात चार मुलं बुडत होती. तिथं आलेल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. बाकीचे दोघे हाती लागले नाहीत. दोन जीव वाचले ते साडीच्या लांबीमुळे. कुणाला ओढून घेताना आपण मात्र काठावर पालथं झोपायचं किंवा झाडाला धरायचं, उभ्याने ओढू नये, नाहीतर आपणच आत जातो.

आणि काठावर बसणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं, की बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ‘वाचवा, वाचवा’ ओरडत नाही. त्याला श्वासच मिळत नसतो, ओरडणार कुठून. तो पाण्यात उभा दिसतो, डोकं मागं गेलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात. लांबून खेळतोय असं वाटतं. अर्ध्या-एक मिनिटात तो खाली जातो. म्हणून हाक मारायची, ‘ठीक आहेस का रे?’ उत्तर आलं नाही तर लगेच कॅन फेकायचा.

बाहेर काढलेल्या माणसाबद्दल थोडक्यात. पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, उलटं धरून फिरवायचं नाही. मिठात ठेवलं की बुडालेला जिवंत होतो, असा एक मेसेज फिरत असतो, तो धादांत खोटा आहे. श्वास नसेल तर पाठीवर झोपवून, मान थोडी मागं करून, नाक दाबून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात आणि भराभर ३० वेळा दाबायचं, पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण काही तासांनीही श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो. हे वाचून येत नाही, हाताने शिकावं लागतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रशिक्षण दिलेले ‘आपदा मित्र’ नावाचे स्वयंसेवक असतात. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात विचारा आणि त्यांना गावात एक दिवस बोलवा. गावच्या तालमीतल्या पोरांनी मनावर घेतलं तर घाटावर एक खांब उभा करून त्याला कॅन, दोर आणि बांबू कायमचा टांगता येईल. दहीहंडी आणि गणपती ज्या उत्साहाने करतात त्याच्या पासंगालाही खर्च येणार नाही. शेजारच्या गावात इतकं घडून गेल्यावर तुम्ही हे सुचवलं तर मला वाटतं कुणी नाही म्हणणार नाही.

आणखी एक. जूननंतर तो अकरावीला कोल्हापुरात जाईल, नवे मित्र मिळतील, कधीतरी गाड्या काढून कोकणात जायचं ठरेल. नदीत तयार झालेला मुलगा समुद्राला हसण्यावारी नेतो. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली चौदा कॉलेजची मुलं-मुली बुडाली. फेब्रुवारीत, भर दिवसा. समुद्रात स्थानिक माणूस जिथं नको म्हणेल तिथं उतरायचं नाही, कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि आत ओढणाऱ्या पाण्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झगडत न येता आधी किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडायचं. हे त्याला जायच्या आधी सांगा. गाडीची किल्ली मागेल तेव्हाच सांगा, तेव्हा तो नक्की ऐकेल.

राहिली धाकटी. तिला पोहायला शिकवाच, ताई, यात दुसरा विचार नको. मुली पोहायला जात नाहीत म्हणून त्यांना धोका नाही, असं आपण धरून चालतो. पण धुणं धुवायला घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्याच बसतात, कळशी बुडवायला वाकतात त्याच, आणि आईचा पाय घसरला तर हात द्यायला पुढं होते ती मुलगीच. तिला पोहता यायला हवं आणि ते पंजाबी ड्रेस अंगावर असताना यायला हवं. विहिरीवर सगळ्या पोरांत तिला नेणं तुम्हाला अवघड वाटत असेल, ते मी समजू शकते. पुष्कळ जलतरण तलावांवर बायका-मुलींसाठी वेगळी वेळ असते आणि शिकवायला बाई असतात. गावातल्या आणखी चार मुलींच्या आया तयार केल्यात तर एक वडाप, म्हणजे भाड्याची जीप, सांगून सगळ्यांना कोल्हापूरला नेता येईल, खर्चही वाटून जाईल. त्यात तुम्ही स्वतःचंही नाव घाला. या वयात काय शिकायचं, असं मनात येईल, पण उताणं तरंगायला वय लागत नाही, आणि घाटावर रोज जाणाऱ्या बाईला ते यायलाच हवं. सुट्टीतल्या बॅच लवकर भरतात, म्हणून चौकशी या आठवड्यातच करा. जाताना मुलींनी रोजच्या वापरातला एक जुना ड्रेस वेगळा बरोबर घ्यावा आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्यात सराव करू द्याल का, हे बाईंना आधीच विचारून ठेवा.